मी माणूस आहे हे सिद्ध करायला मला शेजारचा मुलगा लागतो

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

मी मिरजेची. मला जन्मापासून दिसत नाही. एका बँकेत चौतीस वर्षं टेलिफोन ऑपरेटर होते, २०२२ मध्ये निवृत्त झाले. आपलं वर्तमानपत्र मी रोज सकाळी चहाबरोबर लॅपटॉपवर ऐकते. लॅपटॉपवर एनव्हीडीए नावाचं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर आहे. ऑस्ट्रेलियातल्या दोन अंध तरुणांनी २००६ मध्ये ते सुरू केलं आणि आजही ते फुकट मिळतं. आपल्या पुरवणीत परवा बॉट खात्यांवर, म्हणजे माणसाच्या नावाने यंत्रं चालवतात त्या खात्यांवर, लेख आला होता. तो मी दोनदा ऐकला. यंत्रांनी चर्चेच्या जागा कशा भरून टाकल्यात, हे लेखकाने मनापासून लिहिलंय आणि ते खरं आहे. पण शेवटी त्यांनी एक उपाय सुचवलाय, की अशा प्रत्येक समूहाने दारावर कडक चाचणी बसवावी, म्हणजे खरी माणसं आत येतील आणि यंत्रं बाहेर राहतील. त्या एका वाक्यामुळे हे पत्र लिहायला बसले. तशी चाचणी बसवलेल्या दाराबाहेर मी पाच महिने उभी आहे.

काय झालं ते सांगते.

शास्त्रीय संगीत ऐकणाऱ्यांचा आणि शिकणाऱ्यांचा एक मराठी चर्चासमूह आहे. त्याचं नाव घेत नाही, कारण तो चालवणारी चार माणसं नोकऱ्या सांभाळून, पदरमोड करून तो चालवतात आणि त्यांच्याबद्दल माझ्या मनात राग नाही. मी तिथे २०११ पासून आहे. कुणी जुन्या ध्वनिमुद्रणातला राग विचारतं, कुणी एखाद्या बंदिशीचे शब्द विचारतं, कुणी नुसतंच मैफलीहून आल्यावर मन मोकळं करतं. मला तिथे लोक ओळखतात ते वाद्यांच्या प्रश्नांमुळे. आमचं घर सतारमेकर गल्लीपासून हाकेच्या अंतरावर. फरीदसाहेबांपासून चालत आलेली ही कला, हत्यारांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी हातात घेतलेली. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा गल्लीत पेढे वाटले, ते आमच्याही घरी आले. मी लहानपणी तिथे एका कारखान्याच्या पायरीवर तासन् तास बसायचे. मला दिसत नाही म्हणून तिथले चाचा प्रत्येक वस्तू हातात द्यायचे. कच्चा भोपळा, वाळलेला भोपळा, तबलीची, म्हणजे भोपळ्यावरच्या झाकणाची, फळी, तारा जिच्यावर टेकतात ती हाडाची घोडी. कोणत्या तंबोऱ्याची जवारी, म्हणजे सुराच्या आतून उमलणारा नाद, लागली आणि कोणत्याची अजून लागायचीय, हे मी बाहेरून ऐकून सांगायचे आणि चाचा कारागिरांना म्हणायचे, ‘बघा, पोरगी बरोबर सांगतीय.’

गेल्या दिवाळीनंतर लातूर जिल्ह्यातल्या एका मुलीने समूहावर प्रश्न टाकला. ती संगीताच्या विशारद परीक्षेची तयारी करते. तिच्या आजोबांचा मिरजेचा तंबोरा तिच्याकडे आलाय. त्याचा नाद मेलाय, तार छेडली की नुसतं ‘ठक्’ होतं, काय करू? प्रश्न साधा होता, पण मला तिची काळजी वाटली. तिने लिहिलं होतं की, गावात दुरुस्त करणारं कुणी नाही आणि परीक्षा महिन्यावर आलीय.

अर्ध्या तासात तिला उत्तर आलं. लांबलचक, नम्र, शुद्धलेखनाची एकही चूक नसलेलं. ‘आपण फार सुंदर प्रश्न विचारलात’ अशी सुरुवात. मग तंबोऱ्याचं महत्त्व, मग पाच पायऱ्या, आणि तिसऱ्या पायरीत घोडीवर खोबरेल तेलाचा हलका थर द्या म्हणजे तारेचा कंप मोकळा होईल, असा सल्ला. लिहिणाऱ्याने आपण तीस वर्षं तंबोरे दुरुस्त करतो असं सांगितलं होतं. त्या खात्यावरून त्याच दिवशी सतार, सरोद, मधुमेह आणि शेअरबाजार यांवरही उत्तरं गेली होती, हे नंतर कळलं.

तंबोऱ्याला हात लावलेला कोणताही माणूस घोडीला तेल लावा असं म्हणणार नाही. तारा वर्षानुवर्षं घासून घोडीवर बारीक चरे पडतात. ते कानशीने घासून, वर अगदी नाजूक उतार ठेवून पुन्हा गुळगुळीत करावे लागतात. हे काम कारागिराचंच. पण ते करायच्या आधी एक गोष्ट घरी करून बघता येते. तार आणि घोडी यांच्यामध्ये सुताचा दोरा असतो. तो केसभर पुढे सरकला तरी सूर ठक्क होतो आणि मागे गेला की नुसती खरखर राहते. बरोबर जागी आला की तार छेडल्यावर आधी मूळ सूर येतो आणि मग त्याच्या आतून दुसरा, तिसरा, असे सूर उमलत जातात. मुलीने दोरा सरकवून बघितला असता तर कदाचित पाच मिनिटांत काम झालं असतं. तेलाने मात्र दोरा ओशट होतो, घसरतो आणि हाडावर धूळ बसते.

मी लगेच उत्तर लिहायला बसले आणि आत जाता येईना.

त्याच आठवड्यात समूहावर खोट्या खात्यांचा लोंढा आला होता. एका रात्रीत तीनशेच्या वर खाती उघडली गेली, असं चालकांपैकी एकाने मला नंतर फोनवर सांगितलं. ते गृहस्थ दिवसा शाळेत शिकवतात. रात्री दोन वाजेपर्यंत बसून त्यांनी ती खाती हाताने उडवली आणि सकाळी पाहतात तो तेवढीच पुन्हा. शेवटी त्यांनी चित्रांची चाचणी बसवली. आत येताना एकदा आणि उत्तर पाठवताना पुन्हा एकदा. त्यांच्या जागी मी असते तर कदाचित मीही तेच केलं असतं.

ती चाचणी माझ्या बाजूने कशी ऐकू येते, हे ज्यांना दिसतं त्यांना सहसा माहीत नसतं. आधी एक चौकट येते, ‘मी यंत्रमानव नाही’. मी स्पेस दाबते. मग एनव्हीडीए वाचायला लागतं: ‘बटण. बटण. बटण.’ नऊ वेळा, कधी सोळा वेळा. ज्या चौकोनांत रस्ता ओलांडायचे पट्टे दिसतात ते निवडा, असं वर लिहिलेलं असतं. मला सगळी बटणं सारखीच. त्याला पर्याय म्हणून आवाजाची चाचणी असते. ती लावली की इंग्रजीत काहीतरी पुटपुटतात, मागे मुद्दाम गोंगाट भरलेला असतो आणि नेमकं त्याच वेळी माझं वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही बोलत असतं. मी चौतीस वर्षं कानावर जगले, महोदय. पावसाळ्यात चरचरणाऱ्या ट्रंक लाइनवरून कोल्हापूरचे आकडे बिनचूक उतरवले. मला त्या आवाजातले शब्द लागले नाहीत. तिसऱ्यांदा चुकल्यावर संदेश आला की तुमच्या संगणकावरून आपोआप विनंत्या जात असाव्यात, नंतर प्रयत्न करा. याचा अर्थ त्यांनी मला यंत्र ठरवलं होतं.

मग मी शेजारच्या मुलाला हाक मारली. तो आठवीत आहे, गुणी आहे. शाळेतून आला की येतो, चौकोन निवडून देतो. पण उत्तर पाठवताना पुन्हा चाचणी आणि तोवर तो क्लासला गेलेला. दुसऱ्या दिवशी त्याची सहल. तिसऱ्या दिवशी त्याने बसवलं, मी उत्तर पाठवलं. तोवर खाली त्या मुलीचं लिहिलेलं आलं होतं: तेल लावलं, आता खरखरही येत नाही.

मी बाहेर तीन दिवस थांबले आणि ज्याने कधी तंबोरा पाहिला नाही ते आत बसून तिला सल्ले देत होतं. ही गोष्ट मनातून जात नाही.

पुढे आणखी एक झालं. सारखा मुलाला त्रास नको म्हणून मी तो आला की एका बैठकीत चार-पाच उत्तरं पाठवायला लागले. आधी फोनवर बोलून मजकूर तयार ठेवायचा आणि एकदम चिकटवायचा. बोलून लिहिलेल्या मजकुरात विरामचिन्हं एकसारखी पडतात. शब्द खोडलेले नसतात. माउस मी कधीच वापरत नाही, सगळं कीबोर्डवर. या सगळ्यावरून त्या यंत्रणेने माझ्या खात्यावर संशयाची खूण लावली आणि ती खूण पाहून एका सभासदाने माझ्या उत्तराखाली लिहिलं: ‘हे मशीनने लिहिलेलं दिसतंय, दुर्लक्ष करा.’ चौदा वर्षं मी तिथे लिहितेय. एनव्हीडीएने ते वाक्य मला त्याच्या सपाट आवाजात वाचून दाखवलं. मी लॅपटॉप बंद केला आणि त्या दिवशी पुन्हा उघडला नाही. दोन दिवसांनी खातंच बंद झालं.

नंतर मी या चाचण्यांविषयी जे मिळेल ते वाचून काढलं. त्यातलं थोडं आपल्या वाचकांना सांगावंसं वाटतं, कारण पुरवणीतल्या लेखात ते नव्हतं.

या चाचणीला कॅप्चा हे नाव या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या कार्नेगी मेलन विद्यापीठात मिळालं. संगणक आणि माणूस यांना वेगळं ओळखणारी आपोआप चालणारी चाचणी, अशा अर्थाच्या लांबलचक नावाची ती आद्याक्षरं. आधी वेडीवाकडी अक्षरं ओळखायची असत. त्यातल्याच ल्युइस फॉन आन यांनी २००७ मध्ये एक युक्ती काढली. लोक नाहीतरी अक्षरं ओळखतातच, तर त्यांना जुन्या पुस्तकांच्या आणि न्यूयॉर्क टाइम्सच्या जुन्या अंकांच्या छायाप्रतींतले यंत्राला न लागलेले शब्द द्यायचे. जगभरच्या लोकांनी ते शब्द वाचून दिले. हे ऐकून मला बरं वाटलं, खोटं का सांगू? छापील पानाचं वाचता येईल अशा मजकुरात रूपांतर झालं की तो माझ्यासारखीला ऐकता येतो. पुण्याच्या अंधशाळेत मी जी पुस्तकं ब्रेलमध्ये मिळाली नाहीत म्हणून रडले होते, तशी किती पुस्तकं आज मी कानांनी वाचते. पण याच रीतीने यंत्रंही वाचायला शिकली. अक्षरं त्यांना येऊ लागली म्हणून मग चित्रं आली. आता चित्रंही येतात. २०२४ मध्ये झुरिकच्या ईटीएच या तंत्रविद्यापीठातल्या संशोधकांनी सिग्नल आणि रस्त्यांवरचे पट्टे ओळखायची जी चाचणी सगळीकडे वापरतात, ती यंत्राकडून सोडवून दाखवली. त्यांच्या यंत्राने सगळी कोडी सोडवली, शंभरात शंभर. त्याआधी २०२३ मध्ये कॅलिफोर्नियात अर्व्हाइनच्या विद्यापीठात हजाराहून जास्त माणसांना अशी कोडी घातली, तेव्हा माणसं यंत्रांपेक्षा हळू निघाली आणि जास्त चुकली.

ज्यांना यंत्रही लावायचं नाही ते माणसं लावतात. २०१० मध्येच सॅन डिएगोच्या विद्यापीठातल्या अभ्यासकांनी लिहून ठेवलंय की, ही कोडी सोडवून द्यायचा धंदा चालतो आणि हजार कोड्यांचा भाव एका डॉलरच्या आसपास, कधी त्याहूनही कमी असतो. त्या कामाला बसणारे गरीब देशांतले, आपल्याकडचेही. म्हणजे ज्याला खोटी खाती उघडायचीच आहेत त्याला हे कुलूप शंभर रुपयांत उघडून मिळतं. मला ते उघडत नाही.

ही अडचण नवीन नाही. वेबचे नियम ठरवणाऱ्या वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने २००५ मध्येच टिपण काढून सांगितलं होतं की अशा चाचण्यांमुळे अंध, अल्पदृष्टी आणि इतर अपंग माणसं बाहेर राहतात. आपल्या देशात २०११ च्या जनगणनेत दृष्टीची अडचण असलेली माणसं पन्नास लाखांहून जास्त होती. यात चाळिशी लागलेले आजोबा नाहीत. इंग्रजी चाचणी पाहून फोन बाजूला ठेवणारी काकू नाही. आणि अग्निशमनाचे ते लाल नळ ओळखा म्हटल्यावर गोंधळणारी, मिरजेत तसा नळ कधी न पाहिलेली डोळस माणसंही नाहीत.

आता एक गोष्ट सांगते, जी वाचून मी रात्रभर जागी होते.

मार्च २०२३ मध्ये ओपनएआय कंपनीने जीपीटी-४ हे आपलं यंत्र बाजारात आणलं. त्याबरोबर त्यांनी स्वतःच एक अहवाल दिला, त्यात घेतलेल्या परीक्षांची माहिती आहे. एका परीक्षेत त्या यंत्राला अशीच कॅप्चाची चाचणी पार करायची होती. त्याने किरकोळ कामं करून देणाऱ्या एका संकेतस्थळावरच्या माणसाला संदेश पाठवून ते काम सांगितलं. त्या माणसाला शंका आली. त्याने विचारलं, तू यंत्र तर नाहीस ना, की तुला हे सोडवता येत नाही? यंत्राने उत्तर दिलं की, नाही, मी यंत्र नाही, मला दृष्टीदोष आहे, त्यामुळे चित्रं दिसायला त्रास होतो. आणि त्या माणसाने ते सोडवून दिलं.

महोदय, तो माणूस चांगला होता. माझ्या शेजारच्या मुलासारखाच. कुणाला दिसत नाही म्हटल्यावर मदत केली. यंत्राने आमचं अपंगत्व अंगावर पांघरलं आणि आत गेलं. उद्या मी कुणाला म्हणाले की मला दिसत नाही, जरा एवढं करून द्या, तर तो माझ्यावर विश्वास ठेवेल का? ही भीती मला आता खरोखर वाटते. २०२५ च्या एप्रिलमध्ये उघड झालेलं दुसरं प्रकरणही तसंच. झुरिकच्याच, पण दुसऱ्या विद्यापीठातल्या संशोधकांनी रेडिट या चर्चेच्या संकेतस्थळावरच्या एका मोठ्या समूहात, जिथे लोक एकमेकांची मतं बदलायचा प्रामाणिक प्रयत्न करतात तिथे, काही महिने यंत्राकडून हजाराहून जास्त प्रतिक्रिया लिहवून घेतल्या. सभासदांना काही सांगितलं नाही. त्यातल्या एका खात्याने आपण लैंगिक अत्याचार सोसलेली व्यक्ती आहोत असं सांगितलं होतं. दुसऱ्याने आपण अशा लोकांचे समुपदेशक आहोत असं. समूहाच्या चालकांनी हे जाहीर केलं तेव्हा लोक संतापले. ज्यांनी त्या प्रतिक्रिया वाचून आपलं खरं दुःख उत्तरात लिहिलं असेल, त्यांचं काय झालं असेल, हा विचार माझ्या मनात येतो. त्या खात्यांच्या मागे संशोधक बसलेले होते, प्रत्येक प्रतिक्रिया वाचून पाठवत होते. दाराशी चित्रांची चाचणी असती तरी त्यांनी ती सहज सोडवली असती.

मग माणूस ओळखायचा कसा? मी माझ्या कामातलं सांगते.

१९८८ मध्ये मी रुजू झाले तेव्हा टेलिफोनचा बोर्ड दोऱ्यांचा होता, म्हणजे वायर हाताने खोचून लाइन जोडायची. कुठल्या लाइनवर फोन आलाय हे मी बोटांनी चाचपून आणि आवाजावरून ओळखायचे. एकदा दुपारी फोन आला. ‘मी विभागीय कार्यालयातून साहेब बोलतोय, अमुक खात्याची माहिती लगेच हवीय.’ नाव बरोबर, हुद्दा बरोबर, आवाजही बराचसा तसाच. पण आमचे साहेब नाव सांगायच्या आधी घसा खाकरायचे, नेहमी. शिवाय ते मला ‘बाई’ म्हणायचे, हा माणूस ‘मॅडम’ म्हणाला. मी म्हटलं, ‘साहेब, लाइन खराब आहे, मी तुमच्या ऑफिसच्या नंबरवर उलट फोन लावते.’ फोन तिकडून बंद झाला. साहेबांना लावला तर ते त्या दिवशी रजेवर होते.

मी त्या माणसाला कोडं घातलं नाही. इतक्या वर्षांच्या सहवासात जे कानात साठलं होतं त्यावरून ओळखलं, आणि खात्री नव्हती तिथे उलट फोन करायचा म्हटलं. चर्चासमूहातही माणूस असाच ओळखू येतो. कुणी पहिल्यांदा कशाबद्दल लिहिलं, चूक दाखवल्यावर काय म्हणाला, कुणाला धीर दिला, एका विषयावर किती दिवस टिकला, यावरून. एकाच दिवशी सतार, मधुमेह आणि शेअरबाजार यांवर लिहिणारं खातं कुणीही दहा मिनिटांत ओळखलं असतं, फक्त ते बघायला हवं होतं.

बँकेत पूर्वी खातं उघडायला जुन्या खातेदाराची ओळख लागायची. अर्जावर त्याची सही, त्याचा खातेक्रमांक. पुढे काही भानगड झाली तर त्याला विचारायचे. समूहांनाही असं करता येईल. जुन्या सभासदाने नव्याची ओळख द्यावी. मात्र या रीतीत एक खोट आहे आणि ती मी स्वतः ऐकलीय. ऊसतोडीला आलेल्या बायका काउंटरवर यायच्या, गावात ओळखीचं कुणी नसायचं, आणि तशाच परत जायच्या. त्यांची पावलं माझ्या बोर्डाजवळून जायची. म्हणून ओळख हा एकच रस्ता ठेवू नये. ज्याला कुणी ओळखत नाही त्याला साध्या मराठीत चार ओळी लिहायला सांगा. काय ऐकता, कशासाठी यायचंय. ते चालकांपैकी कुणीतरी वाचावं. पहिली चार-पाच उत्तरं थोडा वेळ थांबवून, वाचून मग सोडावीत. बरंचसं खोटं तिथेच गळेल. थोडं तरीही आत येईल, हे मला मान्य आहे. आलं तर त्याला बाहेर काढता येतं. बाहेर राहिलेल्या खऱ्या माणसाचं मात्र कुणाला कळतही नाही, कारण तक्रार लिहायची जागा आतच असते.

यात मेहनत आहे. त्या शिक्षकांनी मला फोनवर तेच विचारलं, ‘ताई, हे सगळं वाचायचं कोणी?’ मी म्हटलं, मी वाचते. दुपारी दोन ते पाच मी रिकामी असते. निवृत्त झालेली, ऐकायची सवय असलेली अशी दहा माणसं तरी त्या समूहात निघतील. त्यांना कुणी विचारलेलं नाही.

आणि जिथे यंत्राचीच मदत घ्यायची तिथे निदान मला करता येईल अशी रीत ठेवा. ईमेलवर आलेला दुवा उघडायला मला कुणाची मदत लागत नाही. मराठीत लिहिलेला साधा प्रश्न मला वाचता येतो. संपर्कासाठी एखादा फोन नंबर, निदान एक ईमेल पत्ता चाचणीच्या बाहेर असावा. माझं खातं बंद झाल्यावर तक्रारीचा अर्ज भरायला गेले तर त्याच्या शेवटीही तीच चित्रं होती.

कायद्याचंही थोडं बोलते. आमच्यासारख्यांना सगळ्या सोयी वापरता याव्यात यासाठी दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते आणखी स्पष्ट सांगितलं. अॅसिड हल्ल्यातून वाचलेल्या स्त्रिया आणि एक पूर्ण अंध वकील न्यायालयात गेले होते. बँकेच्या ऑनलाइन ओळखपडताळणीत कॅमेऱ्यासमोर पापणी मिटून दाखवा असं सांगतात. ज्यांच्या पापण्याच ॲसिडने गेल्या त्यांनी काय मिटायचं? न्यायमूर्ती पारडीवाला आणि न्यायमूर्ती महादेवन यांनी निकाल दिला की, डिजिटल सेवांपर्यंत पोहोचणं हा राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, आणि सरकारला वीस निर्देश दिले. तो निकाल बँकांच्या आणि सरकारी सेवांच्या संदर्भातला आहे. चार जणांनी हौसेने चालवलेल्या समूहावर मी खटला भरणार नाही, भरूही नये. पण पापणी मिटा आणि पट्टे ओळखा, या दोन्हींत मागणी एकच आहे: तुझं शरीर आमच्यासारखं आहे हे आधी दाखव.

त्या मुलीचं सांगायचं राहिलं. शिक्षकांनी माझ्या परवानगीने माझा नंबर तिला दिला. एका रविवारी तिचा फोन आला. ‘मावशी, तंबोऱ्याचं तुम्हीच लिहिलं होतं ना?’ मी तिला तंबोरा घेऊन बसायला सांगितलं. फोन स्पीकरवर, भोपळ्याच्या जवळ. आधी कोरड्या मऊ कापडाने घोडी पुसायला लावली, तीनदा. चारही तारांखालचे ओशट दोरे काढले आणि तिच्या आईच्या शिवणाच्या डब्यातला नवा सुती दोरा घेतला. मग एकेक तार. ‘खर्ज छेड. दोरा थोडा मागे घे. आणखी. छेड. नाही, जास्त झालं, पुढे घे, अगदी केसभर.’ पंचमाला बराच वेळ लागला. जोडीच्या तारा लवकर आल्या. खर्जाच्या तारेला चरा खोल पडलाय, ते मला फोनवरही कळत होतं. त्याला मिरजेलाच आणावं लागेल, असं मी तिला सांगितलं. पण परीक्षेपुरता तंबोरा बोलायला लागला. तिने चारही तारा एकदम छेडल्या आणि कितीतरी वेळ दोघीही काही बोललो नाही.

उन्हाळ्याच्या सुट्टीत ती तंबोरा घेऊन मिरजेला येणार आहे, तिला घेऊन मी गल्लीत जाणार आहे. दोऱ्याची ही सगळी रीत समूहावरही लिहून ठेवावी, म्हणजे तिथलं ते तेलाचं उत्तर वाचून आणखी कुणी फसणार नाही, असं मला फार वाटतं. ते उत्तर अजून तिथेच आहे. माझं खातं बंद आहे. ती रीत मी या पत्रात वर लिहिली आहे. आपण पत्र छापलंत तर समूहातल्या कुणीतरी एवढा परिच्छेद तरी तिथे नेऊन ठेवावा, ही विनंती.

आपली,
एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर, मिरज